नऊ प्रश्न, नऊ शून्यं

मंगळवार, ४ मार्च

म्हाताऱ्यांच्या दारोदार फिरणाऱ्या माझ्या सोबत्यांनो, आपल्याला ऐकायला पाठवतात आणि हातात देतात फॉर्म! — पुरे. समोर सभा नाही, वही आहे.

पण संताप खरा आहे. आज टेलरकाकांकडे गेले. काकू जाऊन पाच महिने झाले, काका ताटावरून अर्ध्यात उठतात, असं शेजारणीने कळवलं होतं. आमचा नियम असा, की मन खचलंय का ते तपासणाऱ्या फॉर्मवरचे नऊही प्रश्न घरच्यांसमोर विचारायचे. म्हणे पारदर्शकता! शेवटचा प्रश्न : जगणं नको वाटतं का? काकांच्या एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला सून, अगदी खेटून. मुलगा हसला. "छे हो! बाबांना काय कमी आहे?" काकांनी मान डोलावली.

नऊ शून्यं, म्हणजे कसलाच त्रास नाही. माझ्याच हाताने लिहिली!

बुधवार, ५ मार्च

वरिष्ठ बाई म्हणाल्या, "शून्य आलं ना? मग काकांचं नाव काढा भेटींच्या यादीतून."

मी दहा मिनिटं तोफ डागली. मुलासुनेच्या मधे बसून कोणता बाप सांगेल, की मला जगायचं नाही?

"झालं? चहा निवला तुमचा."

नाव मात्र काढू दिलं नाही.

शुक्रवार, ७ मार्च

पुन्हा गेले. मुलगा कामावर. सुनेला म्हटलं, जरा बाहेर थांबा, काकांशी एकट्याने बोलायचंय. जागची हलली नाही! "मी इथेच बसणार, ताई." डोळे लालभडक. माझीही सटकली. तुरुंग आहे का हा? माणूस आहे की कैदी? — जिन्यात लोक जमले. काका पुटपुटले, "तिला नका हो बोलू." पण ऐकतंय कोण! मी बोलत होते.

रविवार, ९ मार्च

त्या सुनेवरचा राग अजून उतरत नाही.

सोमवार, १० मार्च

सकाळीच सुनेचा फोन. आवाज दबका.

"ताई, बाबांनी घरातल्या सगळ्यांचे कपडे दुरुस्त करून, घड्या घालून, वर नावं लिहून ठेवलीत. आपल्यामागे कात्री कुणाला द्यायची तेसुद्धा लिहिलंय. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, म्हातारपणी सुचतं असलं. पंधरा दिवस मी त्यांना क्षणभर एकटं सोडलेलं नाही. तुम्ही बाहेर जा म्हणालात — कशी जाऊ? आणि त्यांच्यादेखत सांगू तरी कसं?"

तिला मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

डॉक्टरांना कळवलं, ते निघालेत. पुरे, पेन ठेव. जा, काकांशेजारी बस, आणि त्या पोरीला तासभर झोपू दे.