धड जाळं शिवणारा म्हातारा

दादर, सोमवार

सौ. आवडास,

दत्तारामचा आशीर्वाद. अक्षर आपल्या पुतणीचं आहे. मी सांगतोय, नेत्रा लिहितेय. फोनवर तू डोळ्याच्या ऑपरेशनापलीकडे काही बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. ऑपरेशन शुक्रवारी आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. मीही तसंच म्हणतो.

काल नेत्राने मला तिच्या सिनेमा मंडळात नेलं. तिथे पंचवीसेक माणसं परदेशी सिनेमे बघतात आणि मग त्यावर बोलतात. कालचा तुर्कस्तानचा होता. खालची अक्षरं मला दिसेनात, नुसतं बघत बसलो. एक म्हातारा मच्छीमार धक्क्यावर बसून बराच वेळ जाळं शिवतो.

नंतर एक सर म्हणाले, "फार संथ. काही घडतच नाही."

नेत्राने विचारलं, "काका, तुम्हाला काय वाटलं?"

मी म्हटलं, "जाळं फाटलेलंच नव्हतं. धड जाळं उसवून परत शिवतोय, म्हणजे त्याचं कोणीतरी समुद्रात अडकलंय."

हे कशावरून, असं त्या सरांनी विचारलं. मग आपल्या रितेशची होडी वादळात दोन दिवस उशिरा आली, तेव्हा मीही मिरकरवाड्याच्या जेटीवर तेच करत होतो, हे त्यांना सांगितलं.

रितेश हल्ली फार आत जात नाही ना?

सिनेमा चांगला होता, पण त्यात म्हाताऱ्याची बायको एकदाही दाखवली नाही. ते मला खटकलं, तसं बोललोही. घरी येताना मात्र मनात आलं, ते दोन दिवस तू घरात काय करत होतीस, हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलंच नाही.

पत्र मिळालं की फोन कर. ऑपरेशनाचं राहू दे, त्या दोन दिवसांचं तेवढं सांग.

दत्ताराम