मान डोलावल्याची गोष्ट

रविवार, सकाळ

चि. बाळास आईचे अनेक आशीर्वाद.

परवा सगळ्यांत आधी उगवला तो आपल्या टिटवीचा अभ्यासातला सोबती. चांगला ताडमाड, दारात वाकला तरी चौकट लागलीच कपाळाला. मागून त्यांच्या गाइडबाई, चपलेचा अंगठा तुटलेला, चप्पल हातात. मी आधी चप्पल शिवली, मग चहा टाकला. एवढी शिकलेली बाई अनवाणी परत पाठवायची म्हणजे काय! त्यांच्या ग्रंथालयात रंगकाम चाललंय, म्हणून या खेपेची बैठक आपल्याकडे. सूनबाईचा गुडघा कसा आहे? शेक घेते ना?

तर तुझ्या लेकीचा, टिटवीचा, हा अभ्यास असा, की वर्ग नाही नि फळा नाही. बाईंनी यादी द्यायची, हिनं आपलं आपण वाचायचं, आणि पंधरा दिवसांनी समोर बसून काय उमगलं ते सांगायचं. बाईंची खात्री पटली की कागदावर सही. सही नाही तर पुढचं संशोधन नाही. आणि सही नाही तर महिनाअखेर तिनं माझ्याकडून तुमच्या घरी परत नि जुनी नोकरी, हे तुझं म्हणणं.

विषय काय, तर कचेरीत, कारखान्यात माणसं वरच्याला खरं का सांगत नाहीत. बाराच्या बारा लेख तिनं मला स्वयंपाकघरात समजावून सांगितले. मी भाजी निवडत ऐकायची.

तरी दोन बैठका वाया गेल्या. हे लेखकांचं झालं, तुझं काय, असं बाई विचारायच्या. परवाही तेच. टिटवी रडकुंडीला आली नि म्हणाली, "बाई, मी सांगितलेलं आजीला सगळं समजतं. विचारा तिला."

विचारलं की त्यांनी! चौथीपर्यंत शिकलेली मी, पण खोटं काही बोलवेना. म्हटलं, "पहिले दोन लेख कळले. पुढचे नाही. मी नुसती मान डोलावत होते."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. सोबती बिचारा बशीतच बघत बसला.

भीती वाटायची का, बाईंनी विचारलं. नातीची कसली भीती? मग मला धोबीखान्यातला आमचा मुकादम आठवला. इस्पितळात चादरींसाठी इस्त्रीचं नवं यंत्र आलं, तेव्हा तासभर घसा कोरडा करून त्यानं समजावलं. आम्ही नऊजणी हो हो म्हणालो, नि दुसऱ्या दिवशी चाळीस चादरी करपवल्या. साहेब म्हणाले, बायका घाबरल्या. आम्ही घाबरतोय कशाला! आठवडाभर पाठ करून आला होता तो. त्याचा हिरमोड नको, म्हणून हो म्हटलं.

बाईंनी कप खाली ठेवला. हे यादीतल्या कुठल्या लेखात आहे, असं टिटवीला विचारलं. तिनं पानं चाळली, मागची पुढची. सगळीकडे भीतीच निघाली, नोकरीची, बढतीची, साहेबाची. माया कुठेच नाही.

"मग हे तुझं," बाई म्हणाल्या. "हा प्रश्न हातात धरून सगळं पुन्हा वाच. मग सही."

तेव्हापासून ती सांगते नि मी दर वाक्याला थांबवते, हे नाही कळलं गं. काल तिसऱ्या लेखात तीच अडकली. म्हणाली, आजी, हा मलाच कळला नव्हता. दोघी इतक्या हसलो की भाजी लागली तळाला.

बाळ, आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मागे तू दारात उभा राहून म्हणालास, सही नाही तर परत, आणि मी मान डोलावली. तू मनाशी घोकून आला होतास. मला तुझं मन मोडवलं नाही. पण ते हो नव्हतं रे. तू ते हो धरून बसलास, आणि टिटवीलाही वाटतं, आजी बाबाच्या बाजूची. मला ती इथे शिकायला हवी आहे. सही झाली तरी, नाही झाली तरी.

तुला पटलं नाही तर नाही म्हण. माझं मन राखू नकोस.

बाई नि ताडमाड पंधरा दिवस न थांबता गुरुवारीच चारला पुन्हा येतो म्हणालेत. तू आलास तर चौकट सांभाळ, तुलाही लागते.

या खेपेला मान सरळ ठेवून,
तुझी आई