पोरी मैदानात बोलत नाहीत

३ सप्टेंबर, रविवार
सीझन सुरू. आमच्या पोरी या वर्षी वरच्या गटात. टीम अगदी कोवळी. कप्तान सगळ्यांत थोरली, आणि तिलाही अजून गाडीचं लायसन्स नाही. गोलमध्ये आमची लेक. गेले सहा महिने घरात हॉकीशिवाय विषय नाही. गोलकीपरची जागा टिकवायची म्हणून अभ्यास, मैत्रिणी, झोप, सगळ्यावर पाणी सोडलंय.

पहिली मॅच बरोबरीत. माझं निदान पहिल्या दहा मिनिटांत झालं. पोरी मैदानात बोलत नाहीत. हॉकी हा बोलायचा खेळ आहे. इथे एकमेकींना हाक नाही, सूचना नाही, सगळा मुका कारभार. गेल्या वर्षी इतकं नव्हतं. वरच्या गटाचं टेन्शन.

संकल्प: एकही मॅच चुकवायची नाही. पोरी बोलायला लागेपर्यंत त्यांच्या वाटचं आपण बोलायचं.

५ सप्टेंबर, जेवणानंतर
लेकीने मिठाची बाटली आणि दोन चमचे मांडून डिफेन्सची नवी पद्धत समजावली. मिठाची बाटली म्हणजे ती. मोठा चमचा म्हणजे शिडी, टीमची उंच फुलबॅक. गोलसमोर बॉल आला की गोलकीपरने ओरडायचं. ‘मार’ म्हणजे शिडीने बाहेर मारायचा. ‘सोड’ म्हणजे शिडीने स्टिक उचलून बाजूला व्हायचं, बॉल गोलकीपरचा. शिडीने मागे वळून बघायचं नाही, फक्त ऐकायचं. सगळा विश्वासाचा मामला.

मी म्हटलं, ‘सोड’ तर मी कित्येक वर्षं ओरडतोय. बॉल घोळत बसू नका, सोडा, पास द्या. शेवटी माझंच ऐकलं ना. त्यावर ती बरंच काही बोलली, पण तोंडात घास होता, कळलं नाही. लहानपणीच वळण लावायला हवं होतं.

ही म्हणाली टीव्हीचा आवाज कमी करा. आवाज मुळात कमीच होता.

७ सप्टेंबर
कारखान्यात सेफ्टीवाला पुन्हा कानात घालायची बोंडं घेऊन आला. पत्र्याचे डबे ठोकणाऱ्या प्रेसमध्ये माझी निम्मी हयात गेली. कधी बोंडं घातली नाहीत, कानाला काही झालं नाही. त्याला सांगितलं, हल्ली शॉपमध्ये आवाज राहिलाय कुठे. प्रेस जुन्याच आहेत, पण किती गुपचूप चालतात. ऑइलिंग नीट केलं की असं होतं. श्रेय माझं. तो बोंडं माझ्या खिशात कोंबून गेला.

१० सप्टेंबर, रविवार
०-१. फुकट घालवली. शिडीच्या अंगावर बॉल येत होता, समोरून दोघी धावून येत होत्या. मी जीव तोडून ओरडलो, सोड, सोड. म्हणजे पास दे. तर बाईसाहेब स्टिक वर करून बाजूला. बॉल सरळ आत. लेक भलत्याच बाजूला झुकलेली.

मॅचनंतर दोघींची जुंपली. मॅचला सोबत आलेल्या मेहुण्याने घरी येताना सांगितलं, दोनदा सांगितलं, तेव्हा समजलं. शिडी म्हणते, तूच सोड म्हणालीस. लेक म्हणते, मी तोंडही उघडलं नाही. पोरवय, दुसरं काय.

आवाजाचं म्हणाल तर लेकीचा आवाज आमच्या घराण्याचा. जाड, खर्जातला. फोनवर माझी सख्खी बहीण तिला दादा म्हणून बोलायला लागते. असा आवाज देवाने दिलाय आणि मैदानात वापरत नाही.

मेहुणा नंतर माझ्या ओरडण्याबद्दल काहीतरी म्हणाला. मी थँक्यू म्हटलं.

२४ सप्टेंबर, रविवार
१-३. त्यातले दोन पुन्हा तसेच. शिडी बाजूला होते, लेक उभीच. मी दोन्ही वेळा आधीच सावध केलं होतं. ऐकेल तर शपथ.

अंपायरच्या शिट्टीत दम नाही. लांबून नुसते गाल फुगलेले दिसतात.

मेहुणा पुढच्या रविवारपासून येणार नाही. ड्यूटी बदलली म्हणे. बँकेत रविवारची ड्यूटी असते हे मला नवीन.

२८ सप्टेंबर
लेकीने आईला सांगितलं, हिने मला सांगितलं, तेही कानाशी येऊन. टीममध्ये कुजबुज चाललीय. मैदानात कोणीतरी ‘सोड’ म्हणतं. कप्तानने ऐकलं. शिडीने ऐकलं. आवाज लेकीचाच. लेक म्हणते मी म्हटलं नाही. एक पोर म्हणाली, तो गोलच्या मागे जुना खड्डा बुजवलेला आहे ना, तिथे काहीतरी आहे. दुसरी प्रॅक्टिसला येईनाशी झालीय.

हसू आलं. वरच्या गटात खेळायचं आणि भुताला घाबरायचं.

पण लेकीचा चेहरा उतरलाय, ते मला बघवत नाही. म्हणून ठरवलं, तिला एकटं पडू द्यायचं नाही. रविवारपासून स्टँडमध्ये बसायचं नाही. गोलच्या मागे जाळीपाशी उभं राहायचं. बाप पाठीशी आहे हे तिला जाणवलं पाहिजे.

१ ऑक्टोबर, रविवार
जागा उत्तम. बुजवलेल्या खड्ड्यावरच उभा राहतो, सगळं स्पष्ट दिसतं. जवळपास चिटपाखरू नाही. लेक हेल्मेटमध्ये, तिला मागचं दिसत नाही, त्यामुळे मी आहे हे तिला माहीत नाही. सांगणारही नाही. उगाच दडपण नको.

०-४. पोरी अजून मुक्याच. मी घसा बसेपर्यंत बोललो. तिसऱ्या गोलनंतर लेकीने हेल्मेट काढलं आणि हात स्वतःच्या तोंडावर ठेवला. बराच वेळ तशीच उभी होती. अंपायरला येऊन सांगावं लागलं.

४ ऑक्टोबर
आज वाचलो. शॉपमध्ये फोर्कलिफ्टवाल्याने मागून गाडी अंगावर आणली. फिटरने कॉलर धरून ओढलं, टाच खरचटली. सगळे म्हणतात हॉर्न वाजत होता. सगळे एकाच माळेचे. मॅनेजरने केबिनमध्ये बोलावून काहीतरी समजावलं, मी मान डोलावली. बाहेर आल्यावर स्टोअरकीपरने सांगितलं की मी स्टोअरमध्ये बदली मान्य करून आलोय.

असू दे. तिथे बसून मॅचचा विचार करता येईल.

९ ऑक्टोबर
ही कानाच्या डॉक्टरची वेळ घेऊन आली. मी कानावर हात ठेवले. कोणाचे कान, कशाचे कान. सीझन संपल्यावर बघू. आत्ता टीम संकटात आहे.

१५ ऑक्टोबर, रविवार
मॅचआधी कोच बाईंनी पालकांना एका कोपऱ्यात गोळा केलं. बाई फार हळू बोलतात. सगळे गंभीर होऊन ऐकत होते. दोघीतिघींनी माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं. लेकीचं कौतुक चाललं असावं म्हणून मी नम्रपणे हात जोडले. एक आई रडायलाच लागली.

नंतर कळलं. विषय असा होता की गोलकीपरच्या मनावर परिणाम झालाय का.

०-२. जाळीमागे वाऱ्याचा आवाजसुद्धा नव्हता. इतकं मोठं मैदान, इतकी माणसं, आणि सगळीकडे कापूस भरल्यासारखं. क्षणभर मलाच कसंतरी झालं. मोठ्याने ओरडलो तेव्हा बरं वाटलं.

२९ ऑक्टोबर
मॅच नव्हती. लेक संध्याकाळी माझ्या खुर्चीजवळ जमिनीवर येऊन बसली. लहानपणी बसायची तशी. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, माझ्याकडे बघत, सावकाश बोलली, म्हणून शब्द न् शब्द समजला. विचारत होती, मी झोपेत बडबडते का. आपल्याला कळत नसताना आपल्या तोंडून शब्द निघू शकतो का. घरात कोणाला असं काही होतं का.

मी म्हटलं, आपल्या घराण्यात डोकं सगळ्यांचं ठिकाणावर आहे. मनाचे खेळ. आत्मविश्वास वाढव, मोठ्याने बोलत जा. ती म्हणाली, बाबा, मला आता बोलायची भीती वाटते.

तिच्या केसांवरून हात फिरवला. मला रडू आलं, ते दाखवलं नाही. या पोरीसाठी काहीही करेन.

संकल्प: उरलेल्या मॅचना दुप्पट जोर लावायचा.

१२ नोव्हेंबर, रविवार
१-५. आता आम्ही तळाला. पुढची हरलो तर खालच्या गटात. लेक मॅच संपल्यावर गोलमध्येच बसून राहिली. मी जाळीपर्यंत गेलो होतो, पण मग मागे फिरलो. मला इथे बघून तिला लाज वाटली असती.

१६ नोव्हेंबर
लेकीला बाहेर बसवलं. रविवारी बदली गोलकीपर खेळणार. ती पोर बोलते की श्वास घेते ते कळत नाही, म्हणून बाईंनी ठरवलंय की या मॅचला ‘सोड’ बंद. गोलकीपरने फक्त ‘मार’ म्हणायचं. हे सगळं हिने मला ओरडून सांगितलं, शेजाऱ्यांनी खिडक्या लावल्या.

लेक खोलीत आहे. दार बंद. जेवली नाही.

टीमचं काय व्हायचं ते होवो, आपण जायचं. लेक बेंचवर असली तरी टीम आपलीच. नेहमीच्या जागी.

१९ नोव्हेंबर, रविवार
लिहायला हात वळत नाही, पण लिहितो. ०-१. खालच्या गटात.

शेवटच्या मिनिटापर्यंत छान चाललं होतं. मग शिडीकडे बॉल आला आणि ती नेहमीसारखी घोळत बसली. मी काय करणार. ओरडलो. शिडीने सवयीने स्टिक उचलली आणि बाजूला झाली. समोरच्या पोरीने टोला हाणला. बॉल आत.

मग एक विचित्र गोष्ट झाली. कोणीच रडलं नाही, कोणी भांडलं नाही. शिडीने वळून बेंचकडे बघितलं. कोच बाईंनी बेंचकडे बघितलं. बेंचवर लेक पाण्याची बाटली तोंडाला लावून बसली होती, पाणी हनुवटीवरून ओघळत होतं. तिने बाटली खाली ठेवली. उठली. आणि सावकाश माझ्या दिशेने बघितलं. मग एकेक करून सगळ्यांनी. कप्तान, अंपायर, समोरची टीमसुद्धा. सगळं मैदान जाळीमागे बघत होतं.

इतक्या वर्षांची निष्ठा. दखल घ्यायला जरा उशीर झाला, पण घेतली. मी हात वर केला. कोणी उलट हात केला नाही.

त्याच दिवशी, घरी
लेक समोर बसली. काहीतरी छोटंसं बोलली. ‘तुम्ही’ एवढंच नीट कळलं. मी म्हटलं, अर्थात मीच. मी नसतो तर या टीमला आवाज कोणी दिला असता.

ती माझ्याकडे बघत राहिली. भारावली असावी. मग उठून गेली.

मग ही आली. माझ्या कानाशी तोंड आणून, एकेक शब्द सुटा करून बोलली. काय बोलली ते इथे लिहीत नाही.

२२ नोव्हेंबर
काही नाही.

२५ नोव्हेंबर, शनिवार
कानाचा डॉक्टर. काचेच्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी अंगठा तयार ठेवून बसलो. लेकीसाठी म्हणून अगदी मन लावून. बराच वेळ झाला. काचेपलीकडची मुलगी काहीतरी फिरवत होती. मशीन बिघडलं असणार, सुरूच होईना. शेवटी ती दार उघडून आत आली. मी म्हटलं, सुरू करा आता.

टेस्ट संपली होती.

३ डिसेंबर, रविवार
शेवटची मॅच. निकालाने काही फरक पडणार नव्हता. लेक पुन्हा गोलमध्ये. शिडीने स्वतः जाऊन बाईंना सांगितलं म्हणे.

ही म्हणाली, यायचं तर स्कोअरबोर्डच्या बाजूला, माझ्याशेजारी, तोंड मिटून. कबूल केलं. कानात मशीन. गाडीच्या दाराचा आवाज ऐकून दचकलो. स्वतःचे बूट इतके वाजतात हे माहीत नव्हतं.

हूटर झाला आणि पोरी बोलायला लागल्या. बोलायला लागल्या म्हणजे काय, थांबेचनात. डावीकडे घे, मागे एक आहे, माझ्याकडे दे, सावकाश, शाब्बास, पाठीमागे बघ. एकजात सगळ्या. बदली पोरी बाकावरून. ती श्वासासारखी बोलणारीसुद्धा. मी हिला विचारलं, आजपासून सुरू केलं का यांनी. ही म्हणाली, पहिल्या दिवसापासून अशाच आहेत.

मग मी लेकीचा आवाज शोधायला लागलो. इतक्या गलक्यात आपला आवाज लगेच सापडायला हवा. सापडेना. मशीनचं बटण वर केलं, खाली केलं. शेवटी हिने माझा हात धरून खाली ठेवला.

अख्ख्या मैदानात एकटी गोलकीपर गप्प होती. बॉल गोलसमोर आला की ती स्टिकने खांबावर ठोकायची. एकदा ठोकलं की शिडी बॉल मारायची, दोनदा ठोकलं की बाजूला व्हायची. कुठेही चूक झाली नाही. ०-०.

हे नवीन ठरलेलं मला कोणी सांगितलं नव्हतं. बघून बघून कळलं.