दफनविधीचा सराव

१ जुलै
आले एकदाची. अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत रेल्वेने, पुढे जावयाच्या स्कूटरवर. धर्मेंद्र बडनेऱ्यालाच रेल्वेत आहे. ट्रंक त्याच्या पायाशी, मी मागे. निघताना त्याच्या दारात नात खुशी ओरडत होती, आजी, डबा खाजो, भांडू नको. बासष्टाव्या वर्षी असा निरोप मिळायला भाग्य लागतं.
कॉलेज परतवाड्याच्या रस्त्यावर, संत्र्यांच्या बागांमध्ये. तिन्ही वर्षांची मुलं दोन जीपमध्ये मावतील एवढं लहान. इथे ईश्वरविज्ञानाची पदवी मिळते. मुलं पुढे चर्चमध्ये पाळक होतात. बी.ए. करून मला चाळीस वर्षं झाली, त्यातली बरीच मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत गेली. आता पुन्हा बाक. तो डुगडुगतो. उद्या सुताराला सांगते. मेसच्या वरणाला फोडणी नाही. तरी मन प्रसन्न आहे.

१४ जुलै
खोलीतली सोबतीण शालू, पातूरची. पसारा करते, पण मनाची चांगली. काल म्हणाली, आजी, तुमी पाळक झाल्या तं लोकं पापंच सोडतीन, भेवानं. मी हसले नाही. नंतर हसू आलं.
प्राचार्य किसनराव स्वतः पाळक आहेत. त्यांनी विचारलं, या वयात कशाला? मी म्हटलं, शिकायचं राहिलं होतं. खरं कारण इथे लिहिते. माझी एकुलती एक मुलगी रागिणी, खुशीची आई, करोनाच्या दुसऱ्या लाटेत अकोल्यात गेली. पिशवीत गुंडाळून पुरली. पाळक नव्हता, प्रार्थना नव्हती, मलाही आत सोडलं नाही. दवाखान्यातून तिचा शेवटचा फोन आला तेव्हा म्हणाली, आई, मले घ्यायले ये न. घरात मी तिला वऱ्हाडी बोलू देत नसे. त्या दिवशी टोकलं नाही.
तिच्यासाठी ते शब्द कुणीतरी नीट म्हणायला हवेत. दुसरं कोण म्हणणार?

२० ऑगस्ट
आज दफनविधीचा सराव. प्रार्थनागृहामागच्या खोलीत एक रिकामी शवपेटी असते. विद्यार्थ्याने तिच्यापुढे सगळा विधी करायचा. मृताच्या नावाच्या जागी ‘अमुक’ म्हणायचं, खरं नाव घ्यायचं नाही, हा इथला दंडक. घेतलं तर ते माणूस येतं म्हणे. असल्या समजुतींची मला चीड आहे. शिवाय अमुकसाठी मी इथे आलेले नाही. माझी पाळी आली तेव्हा रागिणीचं नाव घेतलं. स्वच्छ, मोठ्याने. किसनराव चमकले.
शेवटी पुन्हा नाव घेऊन निरोप द्यायचा आणि पेटीवर मूठभर माती टाकायची. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. मुलं उठली. मीही पुस्तक मिटलं. काम अर्धं टाकायची मला सवय नाही. आज टाकलं.

२२ ऑगस्ट
खोली झाडायची म्हणून मुलं पेटी सरकवायला गेली. सरकेना. चौघं लागले तरी नाही. झाकण उघडून पाहिलं, रिकामी. शालू म्हणे, आजी, तुमचा उपदेश भरून ठेवला का त्यात? सगळे हसले. लाकूड ओलीने फुगलं, असं मी सांगितलं.
लाकूड फुगतं. पण एवढं जड होत नाही.

२६ ऑगस्ट
दुपारी चष्मा सरावाच्या खोलीत राहिला म्हणून परत गेले. खोलीत कुणी नव्हतं. पेटीतून खोकला ऐकू आला. कोरडा, आणि शेवटी श्वास ओढल्यासारखा. असा खोकला मी फोनवर ऐकलेला आहे.
झाकण उघडलं. काही नाही. तळाला हात लावला. लाकूड तापलेलं होतं, तापातल्या कपाळासारखं.

२९ ऑगस्ट
रोज दुपारी जाऊन बसते. तळावर हात ठेवून. तेव्हा कुणी ठेवू दिला नव्हता.
आज ती बोलली. आई, मले घ्यायले ये न. मी तिच्याच बोलीत म्हटलं, आली न मी. खोकला थांबला. किती वेळ रडले, ठाऊक नाही.

२ सप्टेंबर
किसनरावांना सांगितलं. ते रागावले नाहीत, ते बरं झालं नाही. म्हणाले, सुभद्राबाई, नाव घेऊन बोलावलं, तं नाव घेऊनच निरोप द्या लागते. मी नाही देऊ शकत. ज्यानं बोलावलं त्यानंच द्यावा.
उद्या देते म्हटलं.

३ सप्टेंबर
उद्या.

५ सप्टेंबर
आज ती दुसरंच म्हणाली. खुशीले आण.
नाही म्हटलं. पुन्हा तेच. आवाज तिचाच – पण मागे काहीतरी रिकामं –
संध्याकाळी धर्मेंद्रचा फोन. खुशी दुपारपासून तापली आहे. कोरडा खोकला. डॉक्टरांना काही सापडत नाही. म्हणते, आई बोलावून राहिली, पेटीत जागा आहे म्हणते.

६ सप्टेंबर
सकाळ. शालूला बाहेर थांबवलं. दाराला आतून कडी. बागेतली ओली काळी माती डाव्या मुठीत. फोन बाकावर, चालू. तिकडे खुशी खोकते, इकडे पेटी. दोन्ही एकदम. श्वासही एकदम –
नाव घ्यायचं, माती टाकायची. एवढंच.

घेतलं नाव. आतून ‘ओ’ आली. शाळेत हजेरीला द्यायची तशी –

मूठ उघडली. माती पडत नाही. चिकटली आहे. झटकली. नाही. धर्मेंद्र ओरडतो, खुशीला श्वास –

ती म्हणते, आई, एकटं भेव लागते. खुशीले –
खुशी नाही. खुशी नाही.

मूठ आत घातली. मातीसकट. थंड बोटं – धरली –
फोनमधला खोकला थांबला. खुशी पाणी मागते आहे. मला ऐकू येतं.

रागिणी, रडू नको, माय. मी येऊन राहि –