कावळ्याला कबूल केलेली पेस्ट्री

६ जानेवारी, सोमवार
या वर्षी एकच काम. कोलशेतच्या त्या व्हीगन बेकरीत जायचं, पेस्ट्री खायची, विषय संपवायचा. योगिनीचं वर्षश्राद्ध ९ फेब्रुवारीला. त्याच्या आत. वेळ भरपूर आहे. कोलशेतच्या कंपनीत स्टोअर्स सांभाळण्यात माझा जन्म गेला, वर्तकनगरहून स्कूटर आपली आपण जाईल.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे नंतर गैरसमज नको. हिच्या दहाव्याला शहाडला नदीवर कावळा पिंडाला शिवेना. गुरुजी घड्याळ बघायला लागले. आमच्यातले थोरले मारुतीकाका म्हणाले, काहीतरी इच्छा राहिलीय तिची, मनातल्या मनात कबूल करा. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण ऊन होतं, माणसं ताटकळलेली. डोळे मिटून म्हटलं, बरं बाई, नेतो तुला त्या बेकरीत. डोळे उघडले तर कावळा पिंडावर. योगायोग. पण शब्द दिला तो दिला.

संध्याकाळी सुदेशचा फोन. हिचा धाकटा भाऊ. दाजी, जेवलात का? वर्षभर रोज हेच. या माणसाला दुसरा उद्योग नाही. हो म्हटलं. चहा-खारी झालेली.

७ जानेवारी
गेलो नाही. स्कूटरमध्ये हवा कमी. हवा भरली, तेव्हा ऊन झालं.

डॉक्टरांनी दूध, अंडी बंद केली तेव्हापासून हिने त्या बेकरीचं मनावर घेतलेलं. तिथल्या पेस्ट्रीत दूध नाही, लोणी नाही, तरी म्हणे मऊ लागते. आपण एकदा जाऊया हो, म्हणायची. मी म्हणायचो, लोण्याशिवाय पेस्ट्री म्हणजे चुन्याशिवाय पान. हसायची. एकदा हसली नाही. असो.

१३ जानेवारी, सोमवार
गेलो! कापूरबावडीचा ट्रॅफिक, धूळ, सगळं सोसून गेलो. बेकरी बंद. दारावर पाटी, सोमवारी सुट्टी. सोमवारी बंद ठेवायला हे काय सलून आहे? माझ्याकडून मी पोचलो. निम्मं काम झालं असं धरायला हरकत नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. आम्हाला वर्षभर सण नाही. शेजारच्या कलावतीबाई तिळगुळाचा डबा घेऊन दारापर्यंत आल्या, त्यांना आठवलं, तशाच मागे फिरल्या. काही वाटलं नाही. हे बरं आहे. मी सावरलोय.

२० जानेवारी, सोमवार
पुन्हा गेलो. पाटी खरी की खोटी याची खात्री करायला. खरी आहे. बंद दिवस बघून मुद्दाम जातो असं कोणी म्हणेल. म्हणू दे. सोमवारी रस्त्याला गर्दी कमी असते.

(सोमवारीच सगळ्यात जास्त असते. पण ते मला तिथे गेल्यावर कळलं.)

२५ जानेवारी
खालच्या मजल्यावरचा राकेश म्हणाला, काका, जाता कशाला, अ‍ॅपवर मागवा ना, अर्ध्या तासात घरी. पोरगा हुशार आहे, पण शब्दाची किंमत कळत नाही. मी 'नेतो' म्हटलेलं. 'मागवतो' नाही. स्टोअर्समध्ये एकाच्या जागी दुसरा माल मी कधी चालवून घेतला नाही.

मग न्यायचं कसं, हा प्रश्न उरतो. विचार चालू आहे.

१ फेब्रुवारी
पित्त उठलंय. त्यामुळे बेकरी पुढे ढकलली.

सुदेशने आज विचारलं, काय जेवलात? हा नुसत्या 'हो'वर थांबत नाही हल्ली. वरण, भात, बटाट्याची भाजी, असं सांगून टाकलं. रोज तेच सांगितलं तर संशय येईल, म्हणून मेनू बदलत असतो. काल अळूचं फदफदं केलं होतं, म्हणजे फोनवर. सुदेश म्हणाला, वा दाजी, ताईच्या हातचं आठवलं. मला वाटतं स्वयंपाकात माझी प्रगती होतेय. आज बिस्किटं खाल्ली.

५ फेब्रुवारी
गेलो नाही. कारण सुचत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
गेलो. उघडी होती.

हिचा भिंतीवरचा फोटो पिशवीत घालून बरोबर घेतलेला. फ्रेम ढिली झालीय, वाटेत फ्रेमवाला आहे म्हणून. फ्रेमवाल्याकडे थांबलो नाही. स्पीडब्रेकरवर स्कूटर हळू घेतली. काच असते ना.

बेकरीत सगळी पोरंपोरी लॅपटॉप उघडून बसलेली. काउंटरवर अंतरा नावाची मुलगी, नाव बिल्ल्यावर. दोन चॉकलेट पेस्ट्री सांगितल्या. काका, अजून कोणी यायचंय का, तिने विचारलं. आलेत, म्हटलं. पिशवी समोरच्या खुर्चीवर ठेवली. तिने एकदा पिशवीकडे बघितलं, दोन चमचे आणून ठेवले.

खाल्ली. मऊ आहे. लोणी नाही हे कळतसुद्धा नाही. पानाचं उदाहरण इथे लागू पडत नाही, एवढं मान्य.

खाताना काहीतरी वाटेल म्हणून जरा हळू खाल्ली. प्लेट संपली. काही वाटलं नाही. दुसरी पॅक करून घेतली. उद्या कावळ्याच्या पानावर ठेवतो. शब्द पुरा. माणूस म्हणून मी व्यवहाराला चोख आहे.

९ फेब्रुवारी, रविवार, दुपार
शहाड, सुदेशचं घर. सुदेशच्या बायकोने, संचिताने, कावळ्याचं पान वाढलं. गच्चीच्या कठड्यावर नेऊन ठेवताना मी डबा उघडला आणि वड्याशेजारी पेस्ट्री ठेवली. गुरुजी बघतच राहिले. हे काय, सुदेशने विचारलं. आता लपवायचं कारण नव्हतं. सांगितलं सगळं, दहाव्याचं, बेकरीचं. माझ्या शब्दावर कावळा शिवला होता, म्हटलं.

सुदेशने हातातला तांब्या खाली ठेवला. मग चाचरत म्हणाला, दाजी, राग नका मानू, पण कावळा मी बोलल्यावर आलेला.

मी म्हटलं, शक्यच नाही. तो म्हणाला, आईशप्पथ. चांगलीच जुंपली. कावळा कोणाचा यावरून दोन मोठी माणसं श्राद्धाच्या दिवशी गच्चीत भांडतायत! शेवटी मारुतीकाकांनी निकाल दिला. तू डोळे मिटून पुटपुटलास तेव्हा कावळा झाडावरच होता. मग सुदेश पुढे झाला, पिंडाजवळ वाकून काहीतरी म्हणाला, तसा उतरला. तुझे डोळे मिटलेलेच होते रे.

काय म्हणालेलास, मी विचारलं. सुदेश खाली बघून म्हणाला, ताई, दाजींच्या जेवणाची काळजी करू नकोस. मी रोज विचारीन.

तेवढ्यात कावळा आला. भात उचलला, वडा नेला. पेस्ट्रीकडे बघितलंसुद्धा नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ
घरी आलो. फोटो भिंतीवर लावला. जरा तिरका बसलाय.

म्हणजे पेस्ट्रीचा काही संबंधच नव्हता. ही बाई तिथे झाडावर बसून माझ्या जेवणाची वाट बघत होती. आणि मी वर्षभर हिच्या भावाला फोनवर अळूचं फदफदं वाढत होतो.

आत्ता फोन वाजला. दाजी, जेवलात का? मेनू तयार होता, मेथीची भाजी आणि भाकरी. तोंडातून 'नाही' आलं. नाही जेवलो, सुदेश. ती गेल्यापासून घरी धड जेवलोच नाही, तुला रोज खोटं सांगितलं.

पलीकडे त्याने संचिताला हाक मारली. मग म्हणाला, थांबा, संचिता डबा भरतेय, निघतो.

फोन ठेवला आणि रडू आलं. खूप. लिहून ठेवतोय, कारण उद्या मी नाही म्हणेन.