परवाचं हॉटेल

चिरंजीव धाकटीस,

(सत्तरी ओलांडलीस तरी माझ्यापुढे तू चिरंजीवच.) पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? माझा उजवा बरा आहे, डावा सारखा कुरकुरतो, पण मी त्याच्याकडे लक्ष देत नाही. अक्षर वेडंवाकडं आहे ते परदेशात आल्यामुळे नव्हे, माझं आधीपासून तसंच आहे. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच, आणि आता लिहायला बसलं की थांबता येत नाही.

तर आमची सहल. लेकाने तीन महिने आधीच अकरा रात्रींची अकरा हॉटेलं बुक करून ठेवली होती. प्लॅस्टिकची फाईल, तिच्यात रंगीत खुणा. सूनबाईचं म्हणणं, पहिली रात्र ठरवावी, पुढे पाय नेतील तिकडे जावं. लेक म्हणाला, "आणि आईचे पाय कुठवर नेतील?" म्हणजे भांडण दोघांचं आणि मध्ये गुडघा माझा! पहिले पाच दिवस फाईलचं राज्य. रोज साडेसातला बॅगा खाली. नदीकाठचं एक बाकडं मला फार आवडलं, जरा टेकले तोच, "आई, चल, पुढचं बुकिंग आहे." पाच हॉटेलांचे जिने पाठ झाले गं, गाव एकही बघितलं नाही. मला एवढंच हवं होतं, की आज जिथे जाग आली तिथेच उद्याही यावी.

सहाव्या दिवशी सकाळी लेक दाढी करत होता. राहून झालेलं हॉटेल फोनच्या यादीतून काढून टाकायची त्याला सवय (लहानपणीही जेवला की ताट स्वतः उचलायचा). एक काढायचं राहून गेलं होतं. फेसातून ओरडला, "परवाचं काढून टाक गं!" सूनबाईच्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात केस वाळवायचं यंत्र भणभणतंय. तिने मला विचारलं, "हे काय म्हणाले?" मी सांगितलं, परवाचं काढ म्हणतोय. आता आपल्या भाषेत परवा मागेही असतो आणि पुढेही असतो. लेकाचा मागचा होता, सूनबाईने पुढचा काढला. म्हणजे ते हॉटेल रद्दच झालं.

दोन दिवसांनी भर दुपारी आम्ही तिथे हजर. काउंटरवरच्या बाईने यंत्रात बघून मान हलवली. लेकाने फाईल दाखवली, तिने पुन्हा हलवली, या खेपेला हळहळून. गावात सायकलींची शर्यत, एक खाट रिकामी नाही. चार हॉटेलं पालथी घातली. पहिल्यापाशी सूनबाई हसत होती ("आता येईल खरी मजा!"), चौथ्यापाशी तिचंही तोंड उतरलं. लेक फाईल छातीशी धरून म्हणाला, "आई, तुला कुठे झोपवू गं?" तेव्हा मात्र मी त्याच्याकडे न बघता सायकलीच बघत राहिले.

गुडघा ऐकेना म्हणून समोरच्या लाँड्रीत जाऊन बसले. तिथली बाई एकटीच पलंगाच्या मोठ्या चादरीशी झटापट करत होती. बत्तीस वर्षं इस्पितळात तू आणि मी दुसरं काय केलं? उठले, पलीकडची दोन टोकं धरली. झटका, ताण, अर्धी, पुन्हा अर्धी, आणि चार पावलं तिच्याकडे. बाई चाट पडली! चादरीच्या घडीला भाषा लागत नाही गं. चौदा झाल्या. मग तिने दोन बोटं दाखवली, वर छताकडे खूण केली, गालाखाली हात ठेवून डोळे मिटले. वर दोन खोल्या रिकाम्या!

एका रात्रीसाठी शिरलो, आज चौथा दिवस. बाकीची हॉटेलं लेकाने स्वतःच रद्द केली. काल खिडकीत पाय पसरून म्हणाला, न ठरवलेलंही बरं असतं. मग फाईल काढून पुढच्या सहलीच्या पानावर लिहिलं: पाचवा दिवस, दहा ते साडेबारा, काहीही न ठरवणे.

तुझी,
थोरली

ता. क. सूनबाईने मला विचारलं होतं, "कुठलं परवाचं, आई?" मी म्हटलं, "पुढचं." लेकाच्या मनात कुठलं आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. एखादा दिवस मोकळा मिळेल एवढाच विचार होता, सायकली मध्ये येतील हे मला काय माहीत? वाचून झालं की हे पत्र फाड.

पुन्हा ता. क. पुढच्या सहलीत माझ्या खोलीत दोन खाटा आहेत. गुडघ्याचं गाणं न गाता यायचं. चादरीची पलीकडची टोकं तुझीच. लेक तुला परवा फोन करून विचारेल. तू हो म्हणालीस, असं मी त्याला परवाच सांगितलंय.