आटलेली म्हैस

प्रिय बाबा,

घरच्याच पोरीला आपलं दूध चालत नाही, तर गिऱ्हाइकांना काय सांगू, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. माझं शिक्षण त्याच दुधावर झालं. घरातली पहिली पदवी मिळाली, तेव्हा तुम्ही दारोदार माप ओतताना माझंच कौतुक सांगत होतात. आता तीच पोर कोरा चहा पिते.

मला शहराचं वारं लागलंय, असं तुम्हाला वाटतं. मग ते बऱ्याच जणांना लागलंय. आमचा वीगन गट सुरुवातीला एका टेबलाभोवती मावायचा. आता खोलीत उभं राहायला जागा नसते. दूध, लोणी, मध, चामड्याच्या चपला, जनावराकडून काहीच घ्यायचं नाही, एवढाच नियम. कोपऱ्यावरचा कॉफीवालाही हल्ली विचारतो, दूध साधं की सोयाबीनचं? आई म्हणाली, "सोयाबीनला आचळं कुठे असतात गं?" मी खूप हसले. मत मात्र बदललं नाही.

ते मत गटाने दिलेलं नाही, बाबा. ते आपल्याच गोठ्यात तयार झालं. म्हैस आटली की तिला खाटकाकडे नेणारा व्यापारी येतो, आणि तो येणार म्हटलं की तुम्हाला नेमकं आत्याकडे काम निघतं. दोर आईच्या हाती देऊन जाता. परत आलात की दोन दिवस जेवणात लक्ष नसतं. काळीज दगडाचं असतं, तर तुम्ही थांबला असतात. गटातलं कुणी गोठेवाल्यांना निर्दय म्हणालं, की मी हेच सांगून भांडते.

या वेळी आपल्या म्हाताऱ्या म्हशीची पाळी आहे, असं आईने कळवलं. तुम्ही निघालात आणि मी घरी पोचले. व्यापाऱ्याने टेम्पो फाटकाशी लावला होता. मी म्हटलं, म्हैस द्यायची नाही. "पोरी, आधी बापाला विचार," तो गुरकावला. आई मध्ये पडली, "बापाला विचारण्यासारखं असतं, तर तो घरी थांबला असता." टेम्पो रिकामा गेला.

आमच्या गटातल्या एका ताईंची रोपवाटिका आहे. त्यांना खताला आपसूक पडलेलं शेण चालतं, दूध नको. म्हातारीला मीच चालवत नेलं. वाटेतल्या प्रत्येक कुंपणाला तिने तोंड लावलं. दर रविवारी तिथलं शेण मी काढणार आहे.

तुम्ही परत येण्याआधी हे माझ्याकडूनच कळावं, म्हणून आत्याच्या पत्त्यावर लिहिलं. रागवा, हवं तेवढं बोला. पण यापुढे आटणाऱ्या प्रत्येक म्हशीसाठी मी ताईंकडे जागा ठरवून आले आहे, आणि पुन्हा आपल्या दारात येऊ नका, असं व्यापाऱ्याला सांगून टाकलं आहे.

तुमचीच,
हट्टी धाकटी